फ्रिजमधला डबा

१४ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. मी इकडे ठीक आहे. काकांचा गुडघा कसा आहे? छकुलीच्या लग्नाची तारीख पक्की झाली का?

हे सगळं मी तुला फोनवरही विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी गुडघ्यापर्यंत पोहोचून फोन ठेवला होता. शेवटी तूच म्हणालीस, "ठमे, तुला त्या गुडघ्याचं एवढं काय पडलंय?" म्हणून आता पत्र लिहितेय. पत्रात समोरचं माणूस मध्येच "जेवलीस का?" असं विचारत नाही.

त्या दिवशी तुमच्याकडे छान वाटलं. विहीणबाई मनमोकळ्या आहेत, छकुली खूश दिसत होती. तुझी नुसती धावपळ चालली होती आणि मी तुला काडीची मदत न करता सोफ्यावर बसून राहिले. बसून राहिले, हेच खरं तर लिहायचं आहे.

माझ्याजवळ जो डबा होता त्यात आईचं औषध नव्हतं. आई ठणठणीत आहे, तिला फोन करून घाबरवू नकोस. डब्यात एका बाईच्या आजाराचे जंतू होते. तूही घाबरू नकोस. दोन झाकणं होती, वरून पिशवी होती, बाहेर काही म्हणजे काही आलेलं नाही. तुझं दूध, तुझा फ्रिज, सगळं ठीक आहे. हे जंतू अंगाबाहेर फार टिकतच नाहीत. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, गारठले की मरतात. म्हणून तर डब्यात गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, जी तू काढून काकांच्या गुडघ्याला दिलीस.

आजाराचं नाव दोनदा लिहून खोडलं. परमा. गुप्तरोग म्हणतात ना, त्यातला. आमची लॅब त्याच्यावरची लस शोधते. तुला मी आजवर "तापाच्या लशी" असं सांगत आले. खोटं बोलायचं म्हणून नाही गं, तो शब्द घरात उच्चारायचाच कसा, हेच कधी जमलं नाही.

तुमच्या तिथे बसस्टँडच्या मागे दवाखाना आहे बघ, एवढ्या मोठ्या अक्षरांत 'गुप्तरोग' अशी पाटी लावलेला. त्या सकाळी मी तिथे होते. एक बाई आली होती. तिचं नाव मला माहीत नाही, माहीत असू नये असाच नियम आहे. आजार नवऱ्याकडून आलेला, आणि नवरा तपासायला यायला तयार नाही. दोन औषधं घेऊन झाली तरी आजार हलत नाही, ओटीपोटात दुखतं. असाच राहिला तर आतल्या नळ्या बुजतात आणि मग मूल होणं कठीण. तिला कुठलं औषध लागू पडेल हे कळायला ते जंतू लॅबमध्ये वाढवायला हवेत. आणि आम्हालाही तेच हवे होते. लस टोचलेल्या उंदरांच्या रक्ताने इतके निर्ढावलेले जंतूही मरतात का, ते बघायला. हा आजार एकदा होऊन गेला तरी अंग त्यातून काही शिकत नाही, पुन्हा होतो. त्यामुळे लस करणं फार जिकिरीचं आहे, आणि असे जंतू हाती लागणं म्हणजे आमच्यासाठी फार मोठी गोष्ट.

ती ओढणीने तोंड झाकून बसली होती. मला म्हणाली, "हे कुठे नेणार? कुणाला सांगणार नाही ना?" मी तिच्याशेजारी बसून चांगलं भाषण ठोकलं. म्हटलं, "यात लाजायचं काय? सर्दीखोकल्यासारखाच आजार आहे. लाज वाटायचीच तर तुमच्या नवऱ्याला वाटू दे." तिने ओढणी काढली, मावशी. काढून माझ्याकडे नीट बघितलं.

आणि तिथून निघून मी तुझ्या हॉलमध्ये आले. खरं म्हणजे डबा घेऊन सरळ लॅबलाच जायचं असतं. पण बसला वेळ होता आणि "पाहुणे आलेत, नुसतं तोंड दाखवून जा" असा तुझा फोन आला होता.

विहीणबाईंनी विचारलं, "आपण काय करता?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "शाळेत शिकवते, विज्ञान." मी मान हलवली. मग त्यांनी डब्याकडे बघितलं आणि मी म्हणाले, "आईचं औषध." तू लगेच, "अगं, औषध असं उकाड्यात ठेवतात का?" म्हणत डबा उचललास.

फ्रिजचं दार लागलेलं मी ऐकलं. काका गुडघ्यावर ती पिशवी धरून बाहेर आलेले बघितले. काय झालंय ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, डबा काढायचा, बस. एवढंच करायचं होतं. पण मग तू विचारलं असतंस, आणि हॉलमध्ये सगळे होते. विहीणबाई म्हणाल्या, "कितवीला शिकवता?" मी म्हटलं, "आठवीला." मग माझी गाडी सुटली ती थांबेचना. आठवीची मुलं कशी द्वाड असतात, मागच्या बाकावरचा एक कसा रोज डबा विसरतो, मी त्या काल्पनिक पोराचं कौतुकसुद्धा केलं. सगळे हसले. आणि आत त्या बाईचे जंतू मरत होते.

लॅबमध्ये काहीच उगवलं नाही. आमचे सर, ज्यांना आम्ही पाठीमागे थर्मामीटर म्हणतो, त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, "वाटेत मावशीकडे थांबले होते. तिने मला न विचारता फ्रिजमध्ये ठेवला." ते रागावलेसुद्धा नाहीत. "घरच्यांना काय कळणार त्यातलं," म्हणाले. आता लॅबमध्ये काही बिघडलं की कुणीतरी म्हणतं, "ठमीची मावशी येऊन गेली वाटतं." मीही हसते. मावशी, मला स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती. मार्क कमी पडले की तुझ्या मागे लपायचे ती मी, आणि तुलाच पुढे ढकलून मोकळी झाले.

दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला होता. ती बाई विचारत होती, "माझं काही कळलं का?" पुन्हा नमुना द्यावा लागेल म्हटल्यावर आधी नकोच म्हणाली. समोरच्या शिलाईच्या दुकानात तिच्या जावेची बहीण बसते. त्या पाटीखालून पुन्हा आत जाणार नाही म्हणाली. दुसरीकडे कुठे असेल तर येईन. दुखणं वाढलंय.

म्हणून विचारते. तुमची मागची खोली शनिवारी सकाळी मिळेल का? काका बाहेर असतात, छकुली क्लासला. सिस्टर येईल, काम होईल, मी डबा घेऊन निघेन. बाई मागच्या दाराने येईल. कुणाला कळणार नाही. विहीणबाईंच्या कानावर जाणार नाही. खरंच कुणाला कळणार नाही.

नाही म्हणालीस तरी मी समजेन. हे पत्र वाचून माझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलंस, तर तेही.

तुझी,
ठमी


१९ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. गुडघा तसाच आहे. फ्रिज मी सोडा घालून दोनदा पुसला. घाबरू नकोस असं तू लिहिलंस, तरी पुसला.

तुझ्या लॅबवाल्यांना म्हणावं, मावशी खरंच एकदा येऊन जाईल, मग कळेल. फार लागलं मला ते. रात्रीचं जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू?

पण आता माझं ऐक. तू तापाच्या लशी करत नाहीस हे मला कधीपासून ठाऊक होतं. तुझी आई माझी सख्खी बहीण आहे, तिच्या पोटात काही राहतं का? विहीणबाईंपुढे मी जे शाळा म्हणाले ते ठरवून म्हणाले. आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तुझी अब्रू वाचवायला नाही, माझी. तू तोंड उघडशील या भीतीने मी तुझ्या आधी बोलले. तेव्हा डबा गार करण्यात माझा हात तुला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

मागची खोली मी देणार नाही. रागावू नकोस. "कुणाला कळणार नाही" हे तू किती वेळा लिहिलंस ते परत वाच. तिला मागच्या दाराने आत घ्यायची, म्हणजे तिनेच काही चोरलंय असं तिला वाटायचं. नकोच ते.

मी त्या दवाखान्यात जाऊन आले. सिस्टरला भेटले, मी कोण ते सांगितलं, आणि बाहेरच्या बाकावर जरा बसून बघितलं. पाटी अगदी डोक्यावर. वाटलं, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस माझ्याकडेच बघतोय. समोरच्या शिलाईवालीने ओळखलं. ब्लाउज तिच्याकडेच टाकते ना मी. "काय हो, तुम्ही इथे?" म्हणाली. मी म्हटलं, "पत्ता विचारायला आले होते," आणि तरातरा घरी आले. चप्पल काढून पाटावर बसले आणि रडले. तू सोफ्यावरून का उठली नाहीस ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. ती पुन्हा म्हणाली, "आज कुठला पत्ता?" म्हटलं, "पत्ता नाही, दाखवायला आलेय." तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. "या वयात?" म्हणाली. म्हटलं, "हो, या वयात."

आता हे विहीणबाईंपर्यंत पोहोचेल. त्याआधी मीच जाऊन त्यांना सांगणार आहे, तू काय करतेस तेही. छकुलीला विचारलं. ती म्हणाली, एवढ्यावरून मोडत असेल तर मोडू दे. बोलायला सोपं आहे, पण बोलली खरी. संध्याकाळी तुझे काका म्हणाले, "अगं, पण लोक माझ्याबद्दल काय समजतील?" म्हटलं, समजू देत थोडे दिवस. बायकांबद्दल इतकी वर्षं समजतातच आहेत.

तू तुझ्या त्या थर्मामीटरला खरं काय झालं ते सांग. मग माझ्यासमोर ये. आधी नको.

शनिवारी डबा घेऊन दवाखान्यात ये आणि तिथून सरळ लॅबला जा. माझ्याकडे थांबायचं नाही, मी कितीही आग्रह केला तरी. सिस्टरने त्या बाईला विचारलं. ती माझ्याबरोबर यायला कबूल झाली आहे. कोपऱ्यावर भेटून आम्ही दोघी पुढच्याच दाराने आत जाऊ, अगदी शिलाईच्या दुकानासमोरून. कुणी विचारलंच तर पेशंट मी आहे, ती माझ्या सोबतीला आली आहे.

तुझी,
मावशी