उजेडाची झोळी

प्रिय बाळ,

तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, क्षमा कर. धाकट्यांना लिहिताना आरंभी ‘चिरंजीव’ लिहावे, असे शाळेत शिकले होते. तो शब्द काही उमटेना. नावाने हाक मारावी, तर तुझे नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझाच होता. बारशाआधीच तू गेलीस!

आज लिहिते आहे, कारण तुझ्या आईने, माझ्या वहिनीने, दुपारी मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला लिहूनच द्यायचे आहे.

तुला काय आठवणार! भडगावजवळच्या आपल्या घरी तुला हळद-साय लावून न्हाऊ घालत. तू पिवळी दिसायचीस, तर तुझी आजी म्हणायची, "हयदना रंग शे तो, उतरी जाई." आम्हा सर्वांना ते पटले. जळगावच्या दवाखान्यात पोचलो, तोवर कावीळ फार वाढली होती.

तिथे डोळे बांधून तुला निळ्या दिव्यांखाली निजवले. त्या उजेडानेच कावीळ उतरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. किती रडायचीस तू! वहिनी तुला उचलून पदराखाली घ्यायची आणि नर्सबाई ओरडायच्या, "अहो, मांडीवर घेतलं तर उजेड कुठून लागणार तिला? ठेवा परत!"

"डोया बांधेल पोर शे, बाई. एकली कशी ठेवू?"

थोडी थांबली असतीस तर? इतकी कसली घाई होती ग?

पुढे मी धुळ्याला इंजिनिअरिंगला गेले. चारचौघांत बोलायला मी आजही कचरते. तरी प्रकल्पाचा विषय विचारला, तेव्हा उभी राहून म्हणाले, "झोळी." आपल्याकडे लेकरू झोळीतच शांत होते, मग उजेडाची झोळी का नसावी? मच्छरदाणीसारख्या जाळीची, वरून-खालून दिवे असलेली, आणि हलवायची दोरी आईच्या हातात. एका बालरोगतज्ज्ञांनी उजेड मोजला, पुरेसा आहे म्हणाले. खऱ्या बाळासाठी परवानगी मात्र अजून नाही. मिळेलच, असेही नाही.

जाळी वहिनीनेच शिवली. आज घरी आम्ही झोळीत तुझ्या वजनाची पिठाची पिशवी ठेवली आणि दिवे लावले. वहिनीने दोरी हातात घेतली. पुरे म्हटले तरी ती हलवतच राहिली. मग पिशवीकडे बघत म्हणाली,

"ताई, मी उचली लिधी म्हनीसन गयी का वं ती?"

म्हणून तुला लिहिते, तिने वाचावे यासाठी. उचलल्याने काहीच बिघडले नाही, असे मी म्हणणार नाही. उजेड तुटत होता, हे खरे. पण रडणाऱ्या लेकराला उचलणे हा आईचा गुन्हा कसा? ज्या यंत्रात आईला जागाच नव्हती, ते यंत्र अपुरे होते. आणि उशीर आम्हा सर्वांचा होता, तिच्या एकटीचा नव्हे.

तुला वचन देते: झोळीत खरे बाळ निजेपर्यंत हे काम सोडणार नाही. आणि तुझ्यासाठी मनात धरलेले नाव दुसऱ्या कुणालाही देणार नाही. ते पहिल्यांदा तुझ्या आईलाच कळू दे: गिरिजा.

तुझा पत्ता नाही, म्हणून हे वहिनीच्या फोनवर पाठवते आहे. ती पलीकडच्या खोलीत आहे. दोरीची करकर अजून ऐकू येते आहे.

तुझी,
आत्या

रविवार, १२ जानेवारी २०२५, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे