बॉनेटवरचं पांढरं

१४ डिसेंबर, रविवार

झालं! जावईबापूंनी पुण्याहून गाडीच्या पॉलिशची बाटली पाठवली आणि आमच्या घरात नवा देव आला. सकाळपासून ह्यांचं तेच. बाटली उन्हात ठेव, बाटली आत ने. "थंडीत ह्ये घट्ट हुतंय, पसरत न्हाय." मग बंबातलं माझ्या आंघोळीचं पाणी काढून त्यात बाटली बुडवून ठेवली. बाटलीला ऊन पाणी आणि बायकोला गार! लिहून ठेवते, म्हणजे कधीतरी ऐकवता येईल.

२८ तारखेला आजऱ्याला नणंदेची, आक्काताईंची एकसष्टी आहे. मोना लेकीला घेऊन पुण्याहून येईल आणि आम्ही चौघं आमच्याच गाडीनं जाऊ. तेजस्वी पाच वर्षांची आहे, तिला आजोळच्या गाडीचं भारी कौतुक. म्हणून हा सगळा थाट. गाडी जुनी, मरून रंगाची, पण ह्यांचा जीव तिच्यात.

१५ डिसेंबर

जन्मभर साखर कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. साधं फडकं धुवायचं तरी त्याची एक पद्धत असते. सकाळी पत्र्याला हात लावून बघितला — "गार हाय, अजून न्हाय." दहा वाजता ऊन अंगणात आलं, तेव्हा हात घातला. दोन वितींएवढाच भाग घ्यायचा, पातळ थर द्यायचा, तो वाळून पांढरा झाला की मऊ फडक्यानं पुसायचा. थंडीत वाळायला वेळ लागतो आणि घाई केली की नुसतं फासलं जातं. ही सगळी माहिती मला दोनदा सांगून झाली, शेजारच्या भाऊसोंना तीनदा.

दुपारी बघायला गेले, तर बॉनेटवर पांढरट साय तशीच! म्हटलं, "अहो, पुसायचं राहिलंय."

"कुठं? साफ हाय की!"

डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवला आणि मला म्हणाले, "गुळगुळीत हाय." अहो, डोळे उघडून बघा ना! हे मनातल्या मनात. संध्याकाळी दहिवर पडू नये म्हणून गाडीवर माझी जुनी गोधडी घातली. विचारायची पद्धत नाहीच.

१७ डिसेंबर

पुन्हा पुसून घेतलं. पुन्हा तेच. उजेड समोरून आला की सगळं बॉनेट दुधाळ दिसतं. भाऊसो कुंपणावरून ओरडले, "हंबीरराव, आरसा केलाय की वो! इकायची हाय काय?" दोघं मित्र एकाच माळेचे मणी. चहा माझ्या हातचा पितात, मग ह्यांच्या बाजूनं नाही बोलणार तर काय!

पुढच्या काचेवरही फासलंय बहुतेक. काल अंधार पडल्यावर मी गाडीनं भाजी घेऊन येताना समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसत होतं. तेही सांगितलं. हे फडकं घेऊन काच पुसायला बसले.

१८ डिसेंबर

गाडीची चावी खुंटीवर नाही. ह्यांच्या खिशात आहे! अंघोळीला जातानासुद्धा बरोबर नेतात.

१९ डिसेंबर

भांडण झालं. मोठं.

आमच्यात आधीपासून वाटणी आहे. सरळ रस्ता ह्यांचा, वळणं माझी. उत्तूरच्या पुढं वळणं लागतात, तिथून स्टेअरिंग माझ्या हातात येतं, ते आजऱ्यापर्यंत. ह्यांनीच मला शिकवलं आणि वळणावर माझा हात ह्यांच्यापेक्षा बरा, हेही ह्यांनीच चारचौघांत कबूल केलंय. आणि आज म्हणतात, "या बारीला जाताना-येताना मीच चालवनार."

का, तर — "मला वाटतंय म्हनून."

मोनाला फोन लावला, तर ती म्हणते, "आई, चालवू दे की गं बाबांना." सगळी एका पक्षाची!

खरं सांगायचं तर मला राग आलेला नाही, मला भीती वाटते. इतक्या ढळढळीत उजेडात समोरची पांढरी साय ज्या माणसाला दिसत नाही, त्याला वळणावर समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर दिसेल का? मागच्या सीटवर तेजस्वी असेल. ह्यांचं वय झालंय आणि ते कबूल करायला हे तयार नाहीत. मी बँकेत कॅशियर होते. नकली नोट हातात यायच्या आधी ओळखायचे. माझ्या नजरेला कुणी खोटं पाडलेलं नाही अजून.

चावी मिळवायचीच.

२१ डिसेंबर, रविवार

हातून नको ते झालं.

हे मटण आणायला गेले. रविवारची रांग म्हणजे तासाची निश्चिंती. म्हटलं, ह्यांना दिसत नाही तर मीच काढते. भांड्यांचा साबण घेतला, काथ्या घेतला आणि बॉनेट घासलं. जोर लावून घासलं, कुकर घासावा तसं. पाणी ओतलं. वाळल्यावर बघते तर पांढरं तसंच — आणि त्याच्यात गोल गोल ओरखडे! बोटाला लागतात असे. इतक्या दिवसांची ह्यांची मेहनत मी अर्ध्या तासात खरवडून काढली.

पळून जावं असं वाटत होतं, तेवढ्यात हे आले. गाडीपाशी थांबले. बॉनेटकडे बघितलं. हात फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी काथ्या पाठीमागे लपवून उभी. हा तोच माणूस, ज्यानं कोंबडीच्या नखाचा एक ओरखडा दारावर दिसला म्हणून सगळी गल्ली डोक्यावर घेतली होती!

आणि आज? पिशवी माझ्या हातात दिली. "रस्सा पातळ कर जरा." एवढंच म्हणून आत गेले.

दिसलंच नाही त्यांना. एवढे ओरखडे, आणि दिसले नाहीत!

मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२२ डिसेंबर

काल जेवण गेलं नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. मग ठरवलं. ह्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं, आजऱ्याच्या आधी.

मला त्या दवाखान्यांची धास्ती आहे. आईला गावच्या शिबिरात डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं होतं, दिसेल म्हणून. पट्टी सोडली आणि होतं तेही गेलं. उरलेलं आयुष्य तिनं भिंत चाचपत काढलं. तेव्हापासून त्या पायरीला मी पाय लावलेला नाही. जवळचा चष्मासुद्धा दुकानातून आणला. पण ह्यांच्यासाठी जाईन.

कसं सांगावं याची सगळी तयारी केली होती. भांडण होईल, दोन दिवस अबोला होईल, सगळं धरून चालले होते. म्हटलं, "डोळे दाखवून येऊ या."

"चल की. पर तू संगं यायचं. एकटा न्हाय जानार."

बस्स, इतकंच! म्हणजे त्यांनाही कळून चुकलं असणार. बिचारे. घाबरलेले आहेत, आणि मी त्यांना चावीसाठी वाट्टेल ते बोलले.

२४ डिसेंबर

दवाखान्यात दारापाशीच मी थांबले. ह्यांचा हात घट्ट धरला. धीर द्यायला धरला, असं मी त्यांना सांगितलं.

डॉक्टर तरुण मुलगी, मोनाच्या वयाची. ह्यांना खुर्चीत बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. हे घडाघडा वाचत गेले. सगळ्यात खालची ओळसुद्धा, जिथं मला अक्षरं आहेत की डाग आहेत तेच कळेना. दिव्यानं तपासलं, यंत्रातून बघितलं. "काका, नजर छान आहे. चष्म्याचा नंबरही आहे तोच ठेवा."

मी उभीच राहिले. म्हटलं, "अहो डॉक्टर, ह्यांना बॉनेटवरचं पांढरं दिसत नाही! ओरखडे दिसले नाहीत!"

"वरखडं दिसलं की," हे खुर्चीतून उठत म्हणाले. "आता हिला बगा."

मी नाही म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बाहेर बसलेले लोक आत बघायला लागले. हे माझ्यापुढं उभे राहिले. आवाज खाली आणला — लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला ह्यांचा खालचा आवाज. "माज्यासाठी आलीस न्हवं? मग माज्यासाठीच बस. मी हितंच हाय, दारातनं हलत न्हाय."

बसले. हनुवटी गार पट्टीवर ठेवली. डोळ्यांत थेंब घातलेत, ओळी एकमेकींत शिरतायत. पुढचं उद्या.

२५ डिसेंबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात बराच पिकलेला. आईचं ऐकून घेतलं डॉक्टरनं, आणि आता तसं होत नाही हे पुन्हा पुन्हा सांगितलं. ऑपरेशन आजऱ्याहून आल्यावर. तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

ह्यांना विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"दसऱ्यास्नं. घरला येताना म्होरं सायकलवाला आलता, तू सरळ त्याच्या अंगावर घालत हुतीस. म्या स्टेरिंग वडलं. तर माज्यावरच खेकसलीस, मधी मधी हात घालू नका म्हनून."

खेकसलेलं आठवतं. शब्दन् शब्द आठवतो.

सायकलवाला आठवत नाही. तो मी पाहिलाच नव्हता.