गाड्या एकाच्या, हुकूम दुसऱ्याचा

आणि हे सगळं तुमच्यामुळंच झालंय, अप्पा. फौजेतनं आलात, निळी टोपी खुंटीला टांगलीत, आणि ती घालून तिकडं काय झालं ते मला एकटीलाच सांगून निघून गेलात. आता फौजेतली तुमची नात तसल्याच शांतीसेनेत, आफ्रिकेला जायचं म्हणून राहिलीय. "आई, तू हाव म्हण, मगच नाव देते." मी काय म्हणू?

ती सांज अजून डोळ्यापुढं हाय: मी भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपुढं बसून सांगताय. तिकडच्या बाजारात सकाळीच बंदूकवाले शिरले होते. जी माणसं लेकरं घेऊन छावणीकडं पळत आली, त्यांना तुम्ही फाटक उघडून आत घेतलंत. पण बाजारात अडकलेल्यांना आणायच्या गाड्या शांतीसेनेतल्या दुसऱ्याच मुलखाच्या फौजेच्या. त्यांच्या साहेबाला त्याच्या राजधानीतनं इजाजत आल्याबिगर चाक हलवता येत न्हाई. "लाज न्हाई वाटली त्याला?" मी म्हणाले. "रडत होता गं तो," तुम्ही म्हणालात. "गाडीला टेकून रडत होता." इजाजत दुपारी आली. बाजारात काय दिसलं ते तुम्ही सांगितलं न्हाई. माझी भाकरी तव्यावरच जळली.

त्याच साली आपल्या रेणापुरात महादेवाचा भंडारा होता. कढया वरल्या गल्लीच्या, लाकडं खालच्या गल्लीची, आचारी उदगीरचा. आणि जो तो आपल्याच गल्लीतल्या म्हाताऱ्याचं ऐकणार. खालच्या गल्लीचा म्हातारा शेतात, त्याच्या हुकमाबिगर लाकडं बाजूलाच. आचारी बोंबलतोय, "अहो, जाळ घालू का घरी जाऊ?" भात कच्चाच राहिला. मी लई चिडले. तुम्ही तोच भात पत्रावळ पुसून खाल्लात, वर म्हणालात, "बाई, आपलं गाव एक, देव एक, तरी ही गत. तिथं तर एकाची भाषा दुसऱ्याला कळायची न्हाई, पाणीसुद्धा हातानं खुणा करून मागायचो. पण उपाशी गेलं का कोणी?"

बोलायला बरं हाय, अप्पा. कच्च्या भातानं पोट दुखतं, माणूस मरत न्हाई.

पोरीला परवा हे सगळं सांगितलं. वाटलं, भिऊन गप बसंल. तर म्हणते, "मग फाटक उघडायला तरी कोणी पाहिजे की, आई." अगदी तुमचंच तोंड.

तुमच्याकडं जाणारं टपाल न्हाई, हे मलाबी कळतं. हा कागद डब्यातच राहणार. सोमवारी तिला नाव द्यायचंय. मी अजून हाव म्हणलं न्हाई. पण टोपी खुंटीवरनं काढून धुतलीय, वाळत घातलीय. परत खुंटीला टांगू का तिच्या पेटीत घालू, ते रविवारपर्यंत सांगा.