'आमच्याविषयी'च्या पानावर तुमच्याविषयी

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
ऑक्टोबर २००८

ती. सौ. जिजावन्सं यांना भावजय सुहासिनीचा नमस्कार. गुडघा धरलाय, म्हणून कागदावरूनच वाकते. तुमचं बीपी, भावोजींची दाढ आणि रीमाच्या लग्नाची तयारी ठीक असेलच. फोनवर विचारलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन आपटता. पत्र कितीही आपटा, मला ऐकू येत नाही.

आमच्या क्षितिजाने (पोरगी शिकली, आता आईला शिकवते) गेल्या दिवाळीत माझ्या सुकेळ्यांची वेबसाईट काढून दिली. म्हणे, अमेरिकेतला माणूस वसईचं वाळवलेलं केळं शोधतो, त्याला तू सापडायला हवीस. साईटवर लिहायच्या जागा दोन. एक पोस्ट. तिच्यावर तारीख पडते, नवी टाकली की जुनी खाली जाते, पेपरच्या रद्दीसारखी. दुसरं पान. ते दारावरच्या पाटीसारखं, लावलं तिथे कायम. आज काय वाळत घातलं ते पोस्टमध्ये, फोन नंबर पानावर. कळलं का, विचारलं. मी म्हटलं, कळलं. (गॅसवर दूध होतं.)

त्याच आठवड्यात तुमच्या वाडीतले घड आले. राग मानू नका, पण ती राजेळी नव्हती, राजेळीची बाळं होती. कोवळं केळं वाळून चामडं होतं. गिऱ्हाइकं मला बोलायला लागली. मी तडक कॉम्प्युटरवर बसले आणि एका बोटाने दीड तास लिहिलं, की आमची नणंद घाईची बाई, सख्ख्या भावालाही कोवळे घड पाठवते, सुकेळी वातड लागली तर आगाशीला जाऊन तिच्याशीच भांडा. आता टाकू कुठे? 'आमच्याविषयी' नावाचं पान रिकामं होतं. नणंद आमचीच, तिथेच टाकलं. आणि फोन नंबर ताजा दिसावा म्हणून पोस्टमध्ये.

मी रोज पोस्ट टाकणार (आज ऊन नाही, आज कावळ्याने दोन पळवली) आणि नंबर जाणार खाली. वर्षभरात नव्या गिऱ्हाइकाचा एक फोन नाही. तुम्ही मात्र त्या पानावरून अकरा महिने जागच्या हलायला तयार नाही. रीमाच्या होणाऱ्या सासूबाईंनी (बँकेत असतात, समोर कॉम्प्युटर, काम काय ते देव जाणे) ते वाचलं आणि साखरपुड्यात तुम्हाला विचारलं, "भांडायला यायचं तर आगाशीची बस कुठून सुटते?" त्यांचा स्वभाव खोचक, त्याला मी काय करू?

तरी चुकलं ते चुकलं. बावीस वर्षं भांडलो, पण घरात. मी साईटवर जाहीर माफी लिहिली आहे, अगदी तुमच्या नावानिशी. यंदा तुमची केळी नाहीत, गच्चीवरच्या चटया रिकाम्या पडल्यात आणि तुमचे भाऊ त्यांवर दुपारचे घोरतात. तेवढा राग सोडा.

तुमचीच,
सुहासिनी

ता.क. माफी पोस्टमध्ये टाकली आहे. लगेच वाचून घ्या. उद्यापासून रोजच्या पोस्टा सुरू, मग ती खाली जाईल.

ता.क. २ पान अजून तसंच आहे. दहा घड पाठवा, चांगले भरलेले बघून. दारात उतरले की पुसते. लग्नाला तीन आठवडे आहेत आणि रीमाच्या सासरची मंडळी वाचणारी दिसतात.