मावशीच्या हातचं

१२ जुलै १९७८
खानावळीतल्या गजाननचा ताप काही उतरून नाही राहिला. सकाळी जरा कमी होतो, दिवेलागणीला पुन्हा चढतो. रामटेकहून त्याचे वडील आले आहेत. रोवण्याचे दिवस, त्यांचा अर्धा जीव धानाच्या बांधीत, अर्धा इथं उशाशी. डॉक्टरनं रक्त तपासलं, मुदतीचा ताप निघाला, टायफॉईड. मी पेज करून पाजली. पोट्टा डोळे मिटून म्हणते, "मावशी, तुमच्या हातचं असलं का उतरते गळ्याखाली." वडील म्हणाले, तुमचा हातगुणच चांगला. बरं वाटलं. खानावळीत वीस पोट्टे जेवतात अन् मी एकटी. पाठ मोडून आली आहे.

१९ जुलै
भोयर पडला. हिंगण्याच्या कारखान्यात जातो तो. पाळीवरून आला अन् जेवता जेवता कुडकुडायला लागला. त्यालाही तेच निघेल असं वाटते. बाकीचे आज मान खाली घालून जेवले. एकजण आलाच नाही, चौकातल्या दुसऱ्या खानावळीत दिसला म्हणे. दिसू दे बापा.
दूधवाल्याशी भांडले. तो म्हणतो पाणी टाकत नाही. न टाकता इतकं पातळ दूध कोणती म्हैस देते?

२४ जुलै
वेणूला काढलं. भांडी घासते, पाणी भरते, दिवसभर हात कुठे कुठे लावते, काही नेम आहे का? नाल्याकडची वस्ती, तिथूनच आणलं असेल. तिनं पदर खोचला, घमेलं जागेवर ठेवलं अन् म्हणाली, "जातो मी बाई. पण माह्या हातात कोनता रोग हाय ते तं सांगा." मी आत निघून आले. नऊ वर्षं होती ती माझ्याकडे. चुलीला मात्र कधी हात लावू दिला नाही.
संध्याकाळची सगळी भांडी मीच घासली.

२९ जुलै
सुशीचं पत्र, भंडाऱ्याहून. माझ्या पोरीला दिवस गेलेत, नोव्हेंबरात होईल. पहिलटकरीण, माहेरीच यायचं, त्यात काय विचारायचं. पत्रात सगळं खाण्याचंच. टमाट्याची कोशिंबीर पाहिजे, ताक पाहिजे, अन् दहीभात, पण तू हातानं कालवलेला. "इथं सगळे चमच्यानं कालवतात गं आई, गोळे राहतात." वेडी आहे. डिंक, खारीक आणायला सांगून ठेवलं. एवढा तापाचा महिना सरला की घर चुन्यानं पोतून घेईन.

५ ऑगस्ट
मौद्याचा लहानगा आजारी. यंदाच गावाहून आला शिकायला, आईवाचून झोप नाही येत म्हणायचा. आता तिसरा झाला.
कार्पोरेशनची माणसं आली. सोबत एक डॉक्टरीणबाई, तरणी, चष्मेवाली. टाकीतलं पाणी घेतलं, दूध घेतलं. मग म्हणाली, स्वयंपाकघरात ज्यांचा हात लागतो त्या सगळ्यांची शौचाची तपासणी. शी बाई! डबी हातात दिली. वेणूलाही वस्तीतून बोलावून घेतलं. ती माझ्याकडे न पाहता गेली.
डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, तुम्हाला कधी असा ताप आला होता का? म्हटलं, आला होता ना, सतरा वर्षं झाली. मी उठले अन् महिन्याभरात हे पडले, ते काही उठले नाहीत. लोक म्हणायचे, बायकोचं दुखणं नवऱ्यानं अंगावर घेतलं. मीही सगळ्यांना तसंच सांगत आले, आजही सांगितलं. ती लिहीत होती. वर पाहिलं नाही.
सगळ्या पोट्ट्यांना सुया टोचल्या. दंड सुजले, ओरडून राहिले.

१४ ऑगस्ट
दूध चांगलं. पाणी चांगलं. वेणू चांगली.
माझ्यात निघाले.
डॉ.बाई स्वतः सांगायला आली. म्हणे मी वाहक आहे. एस.टी.त कंडक्टरच्या जागेवर लिहिलेलं असते ते वाहक मला माहीत. तो निदान तिकीट तरी देतो. मी म्हटलं, बाई, मला सतरा वर्षांत साधं डोकं दुखलं नाही. ती म्हणाली, "म्हणूनच कुणाला कळलं नाही, मावशी."
पित्ताच्या पिशवीत बसून राहतात म्हणे ते जंतू. खाणारा आजारी पडतो, ठेवणारा नाही. पोटातून बाहेर पडतात अन् हाताबरोबर ताटात जातात. मी म्हटलं, मी परसाकडून आले की राखेनं हात घासते. म्हणाली, साबण पाहिजे, अन् तेवढ्यानंही तुमच्याबाबतीत भागणार नाही. चुलीवर खदखदलं त्यातले मरतात. कोशिंबीर, ताक, चटणी, कालवलेला भात यातून जातात. म्हणजे पोट्टे जे मागून मागून खायचे, नेमकं तेच.
दीड महिना कॅप्सूल खायच्या. मग तीन वेळा तपासणी, मधे दिवस सोडून. तिन्ही चांगल्या आल्या तर सुटले. नाही तर पोट फाडून ती पिशवी काढायची. तोवर मी चुलीजवळ जायचं नाही.

१६ ऑगस्ट
झोप नाही.
यांना कोण भरवत होतं? मीच. पेज मीच, पाणी मीच. सासूबाईंना जवळ येऊ दिलं नाही, म्हटलं माझ्या हातचंच त्यांना लागते. पण ते नंतरचं झालं. त्याच्या आधी मी तापातून उठले त्या आठवड्यात, अंगात बळ नसताना, त्यांच्यासाठी दहीभात कालवला होता. फार दिवसांनी तुझ्या हातचं म्हणून दोनदा मागून घेतला.
आज दवाखान्यात जाऊन डॉ.बाईला विचारलं. म्हणाली, इतक्या वर्षांपूर्वीचं आता कुणीच सांगू शकत नाही. चांगली पोरगी आहे. खोटं बोलता येत नाही तिला.

२० ऑगस्ट
वेणूच्या घरी गेले. नाल्यापलीकडे पहिल्यांदाच. तिनं बसायला पोतं टाकलं. मी म्हटलं, चुकलं माझं, चल. चुलीवर तूच. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माहा रिपोर्ट चांगला निघाला म्हून आल्या तुमी. वाईट निघाला असता तं आल्या असत्या का वं?"
नसते आले. खाली मान घालून घरी आले.

२१ ऑगस्ट
सकाळी दार वाजलं. वेणू. पाय धुतले, आत आली अन् चूल पेटवली. पोळ्या जाड झाल्या. पोट्ट्यांनी तशाच खाल्ल्या. त्यांना सगळं कळलेलं आहे, मला कोणी काही म्हणत नाही. चार सोडून गेले. उरले त्यांचं मला जास्त ओझं वाटते.
मौद्याच्या लहानग्याला त्याचा काका घेऊन गेला. ताप उतरला, पण मांजरीच्या पिल्लाएवढा झाला आहे. जाताना पाया पडायला वाकला, मी मागे सरले.

३ सप्टेंबर
काल पोळा. पुरण वेणूनं वाटलं, मी दारात पाट टाकून बसले अन् तोंडानं स्वयंपाक केला. वेलदोडा घाल, आता उतरव. वेणू म्हणते, बाई, तुमची जीभ तं दवाखान्यात न्या पहिले.
आज मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. गल्लीच्या तोंडाशी गर्दी, पोट्टे घसा फोडून ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत! लहान होते तेव्हा मीही ओरडायची. आज गॅलरीत उभं राहून पाहिलं अन् वाटलं, हे मलाच ओरडून राहिले. इतक्या वर्षांची रोगराई मारबत वेशीबाहेर नेते अन् मी चुलीजवळ बसून वाढते. रडू आलं. वेणूनं चहा आणून दिला. कॅप्सूल घ्यायची राहिली होती, ती घेतली.

७ सप्टेंबर
सुशीला पत्र टाकलं. खानावळीची फार गडबड आहे, माझ्यानं होणार नाही, बाळंतपण तिकडेच करून घे. दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा असंच लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तिच्या सासूनं वाचलं असतं. ते घर पत्र फोडल्याशिवाय देत नाही. रोगी आईची पोरगी म्हणून जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं तिला.

२० सप्टेंबर
सुशीचं उत्तर नाही. विहीणबाईंचं कार्ड आलं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच होते, तुम्हाला पेलत नसेल तर स्पष्ट कळवावे. पेलत नसेल! वीस पोट्ट्यांचं पेललं मी.
कॅप्सूलनं पोट बिघडलं आहे. तोंडाला चव म्हणून नाही.

५ ऑक्टोबर
सुशी आली. न कळवता. जावई एस.टी.तून उतरवून, बॅग ठेवून परतीच्या गाडीनं गेले. एवढं मोठं पोट घेऊन दारात उभी, डोळे लाल. वेणूला चुलीजवळ पाहिलं तशी म्हणाली, "आई, मी नको होते का तुला?"
सांगितलं सगळं. आधी हसली, काहीतरीच म्हणे. मग विचारलं, बाबा? माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं. माझा हात धरायला आली, मी सोडवून घेतला. तशी फार रडली.
रात्री वेणूनं वाढलं. सुशी अर्धं टाकून उठली.

७ ऑक्टोबर
डॉ.बाईला विचारून आले. पोटुशीला ती सुई नको म्हणते. म्हणजे सुशीच्या अन् माझ्या मधे काहीच नाही, फक्त माझी अक्कल अन् लाल साबण. हात धुऊन धुऊन कातडी निघाली. सुशीचं ताट, तांब्या वेगळा ठेवला. आपल्या पोरीचं ताट आपल्यापासून वेगळं ठेवायचं, असं कोणाच्या नशिबी येऊ नये.

२६ ऑक्टोबर
कॅप्सूल संपून बरेच दिवस झाले. पहिली तपासणी चांगली आली. मला वाटलं होतं आनंद होईल. थकलेच आहे नुसती. डॉ.बाई म्हणते, आताच नाचू नका, हे लपून बसतात. मी म्हटलं, बाई, नाचायचं वय तुमचं.

१ नोव्हेंबर
दिवाळी झाली. चिवडा वेणूचा. सुशी म्हणे तुझ्यासारखा नाही. वेणूनं ऐकलं. मला वेणूचं वाईट वाटलं अन् मनातून बरंही वाटलं. कशी मेली जात असते माणसाची.

१८ नोव्हेंबर
दुसरी पण चांगली.
गजानन परत आला जेवायला. केस झडले, गालफडं बसली, वर्ष वाया गेलं. मी वाढायलाही पुढे गेले नाही. तोच दारापाशी आला. म्हणाला, "तापाचं जाऊ द्या मावशी. ताक तं तुमीच करत जा, वेणूबाई पानी पाजते नुसतं." वेणूनं आतून पळी दाखवली. कितीतरी दिवसांनी हसले. मग त्याला सांगितलं, आता वेणूचंच पी बापा.

२८ नोव्हेंबर
मुलगी झाली. दवाखान्यात, पहाटे. दोघी सुखरूप. सुशीच्या कपाळावर हात ठेवायचा होता, आधी नळाकडे गेले. तेवढ्यात नर्सनं बाहेर काढलं.
हिच्या पायाची बोटं यांच्यासारखी आहेत, दुसरं बोट लांब.

२ डिसेंबर
घरी आणली. तिसरी तपासणी देऊन झाली, सोमवारी कळेल.
आज घुटी द्यायची होती. पहिली घुटी जो देतो त्याचा गुण लेकराला लागतो म्हणतात. सुशीनं सहाण माझ्यापुढे ठेवली. "दोन चांगल्या आल्या ना आई, तिसरीपण येईलच. तूच दे." मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबू. म्हणाली, आज पाचवी आहे, सोमवार काय करायचा? अन् हसून म्हणाली, मला तुझ्यासारखीच पाहिजे.
उठले. कोपरापर्यंत हात धुतले. उकळलेल्या पाण्यात हिरडा उगाळला, वेखंड उगाळलं, मध घेतला. बोट बुडवलं. पोरीनं वास आला तसं तोंड उघडलं, इवलं, चिमणीचं. बोट तिच्या ओठापाशी नेलं अन् तिथून पुढे जाईचना. सुशी पाहत होती. तिला वाटलं मी रडते म्हणून थांबले.
सहाण फेकून दिली परसात. वेणूला हाक मारली, म्हटलं दुसरी घे, हात धू, सगळं नव्यानं उगाळ, तू दे. ती तयार होईना. "माह्यावर गेली तं जलमभर मले बोल लावान तुमी." सुशी भिंतीकडे तोंड करून निजली. शेवटी वेणूनं दिली. पोरीनं तिचं बोट चोखलं, सोडेचना.
आता वेणूवर जाईल पोरगी. जाऊ दे. वेणूचा रिपोर्ट पहिल्यापासून चांगला आहे.