कोणासाठी उतरतेस

१२ फेब्रुवारी, कवठे महांकाळ
ह्यांचा उजवा हात आज खांद्याच्या वर गेलाच नाही. लकवा येऊन गेल्यापासून तेल चोळून चोळून माझेच हात भरून येतात. दुपारी म्हसवडकडचे तिघे भेटायला आले. चर्चचं काम सुटलं तरी पाळकसाहेबांना लोक अजून विसरले नाहीत, बरं वाटतं. चहा मात्र मलाच टाकावा लागतो, तेव्हा तेवढं बरं वाटत नाही.

लोक गेल्यावर हे अडखळत म्हणाले, कॅनॉलला पाणी सुटलं की एक शेवटचा बाप्तिस्मा द्यायचाय. कोणाचा, विचारलं. माझ्याकडे बोट.

मी भांडी घासायला निघून गेले.

१३ फेब्रु.
लग्नाच्या पहिल्या वर्षी हा विषय एकदाच निघाला होता. माझं माहेर साताऱ्याचं, दुसऱ्या पंथाचं. तान्ही असतानाच कपाळावर पाणी शिंपडून झालेलं. ह्यांच्या चर्चच्या मंडळीत ते धरत नाहीत. समजत्या वयात, स्वतःच्या मनानं, पुरतं पाण्याखाली जायचं, तोच बाप्तिस्मा. मी तेव्हा विचारलं होतं, मी झोपले होते म्हणून देवही झोपला होता का? हे खूप हसले. पुन्हा विषय काढला नाही. लोक धरूनच चालले, पाळकांची बायको म्हणजे बुडवलेलीच असणार.

शिरवळपासून इथपर्यंत ह्यांनी मंडळ्या उभ्या केल्या. विहिरीत, तळ्यात, कॅनॉलात माणसं बुडवून वर काढली. घरात मी कोरडीच.

१५ फेब्रु.
अमोल आला. आता मंडळी तोच सांभाळतो, ह्यांनीच घडवलेला, मला आई म्हणणारा. त्याला सगळं सांगितलं. मिशी ओढत म्हणाला,

"आई, आता नगं. पुढच्या म्हैन्यात साहेबांचा गौरव ठरलाय. गावोगावची मानसं येनार. लोक म्हनतील, दिव्याखाली अंधार."

अंधार म्हणजे मी. पोळी वाढली त्याला, पण तूप घातलं नाही.

१८ फेब्रु.
तानूबाई शेंगा घेऊन आली. ह्यांच्या अगदी सुरुवातीच्या मंडळीतली. सहज विचारल्यासारखं विचारलं, बाप्तिस्म्याला भीती वाटली होती का गं?

"लय भ्या वाटलं. इहीर खोल. पर साहेबांनी मानंखाली हात घातला आन् भ्या गेलं बगा. तुमास्नी ठावं हाय की."

हो म्हटलं. मला कुठलं ठाऊक? निम्म्या तालुक्याला तो हात माहीत आहे, मला नाही. ह्या वयात असला हेवा वाटावा, कमाल आहे.

तीच पुढं म्हणाली, "पयल्यांदा तर मला माघारीच लावली हुती. इचारलं, कुनासाठी उतरतीस? म्या म्हनलं, मालक उतरल्यात, त्यांच्यासाठी. तर म्हनालं, मग घरी जा. दुसऱ्या साली गेले, माज्या मनानं. तवा घेतली."

अशा कितीतरी बायका परत पाठवल्या ह्यांनी. नवरे चिडायचे. हे ऐकायचे नाहीत.

२१ फेब्रु.
शेवटी विचारलंच. माझा विश्वास कमी वाटतो का तुम्हाला? मान हलवली, नाही. पाण्यानं तारण होत नाही, विश्वासानं माणूस तरतो, हे तुम्हीच जन्मभर सांगितलंत ना? हो. मग?

किती तरी वेळ शब्द जुळवत होते. "सगळं माहीत आहे. तरी भीती वाटते. मी पुढं जाणार, आणि तू..." पुढचं आलं नाही.

मरणाऱ्यांच्या उशाशी बसून हा माणूस त्यांची भीती घालवायचा. ह्यांची आता कोणी घालवायची? रडू आलं, रागही आला. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला हातांवर धरून देवाला दिलं, ते फुकट गेलं म्हणू का मी?

२४ फेब्रु.
कॅनॉलला पाणी आलं. सकाळी अंग पुसताना सांगून टाकलं. येते मी. तुमच्यासाठी उतरते.

चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला.

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी?"

"मग नको."

भिंतीकडे तोंड करून पडले, जेवले नाहीत. मी एक शब्द खोटा बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण ह्या माणसाशी खोटं बोलायची सवय लागली नाही, ऐनवेळी कुठून आणू.

२६ फेब्रु.
अमोलचा फोन. पाणी रविवारपर्यंतच, मग पुढं सोडणार. "साहेबांचं मन मोडू नगा. गौरवाचं मी बगतो." विरघळला पोरगा.

पाठीला उशी देताना ह्यांनी हात धरला. "पाण्यात विचारू? सगळ्यांना विचारतो तसं?"

विचारा.

"खरं सांगशील?"

सांगेन म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२८ फेब्रु., शनिवार
पांढरी साडी धुऊन वाळत घातली. पाण्यात ह्यांना धरायला अमोल आणि आणखी एक जण असेल. हे आज जेवले नीट. मी माझं ताट झाकून ठेवलं.

उद्या मंडळीदेखत विचारतील, कोणासाठी उतरतेस. सकाळपासून मन चाचपून बघतेय. देवाकडे बघावं तर मध्ये हे, ह्यांच्याकडे बघावं तर मागे देव. इतक्या वर्षांत दोघांना वेगळं करायची वेळच आली नाही. थकले मी. देवासाठी, असं म्हणायचंय मला, पण ते माझं असेल का...

आत्ता ह्यांनी हाक मारली. काही हवं असेल म्हणून गेले. हे एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "उत्तर पाठ करू नकोस."