बोंबील, टमरेल आणि चौथा मजला

चिखलोली, गुरुवार

तीर्थरूप धर्माकाकांना उन्नतीचा लोटांगण घालून नमस्कार (सोफ्याखालची चप्पल काढताना आत्ताच घातलंय, तेच तुमच्या नावे). गुडघा कसा आहे? काकी गेल्यापासून एकटेच रांधता, पोटभर जेवता ना?

काका, आनंदाची बातमी! तुम्ही बारवीहून दिलेलं पिल्लू, आपला बोंबील, शिकला! आईने बजावलंच होतं, रविवारपर्यंत हॉल कोरडा राहिला नाही तर कुत्रं परत गावाला. मी पेपर अंथरले, ते त्याने फाडले आणि शेजारच्या फरशीवर कार्यक्रम उरकला. खाली तासभर फिरवलं, तर सगळं पोटात सांभाळून वर आणलं आणि आईच्या पायपुसण्यावर सोडलं. मी अगदी रडकुंडीला आले होते.

मग शनिवारी आई दाराबाहेरच्या कुंड्यांना पाणी घालायला जुनं टमरेल घेऊन निघाली आणि बोंबील शेपटी हलवत तिच्या मागे! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुम्ही रोज सकाळी टमरेल घेऊन बांधाकडे निघायचात आणि हा मागोमाग. (सरकारने बांधून दिलेल्या संडासात तुम्ही पेंढा भरलात, त्याचा हा असा फायदा.) त्या दिवसापासून मी रोज भरलेलं टमरेल घेऊन चौथ्या मजल्यावरून लिफ्टने उतरते, गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत उभी राहते आणि बोंबील शहाण्यासारखं सगळं आटोपतो. मला तर तिथेच नाचावंसं वाटतं.

बिल्डिंगमध्ये मात्र भलतीच हवा झालीय. वॉचमन मान खाली घालून गेट उघडतो. शेजारच्या सोनिया आंटींनी (कॅम्प पाच या सिंधी वस्तीतून नुकत्याच राहायला आल्यात) काल मला लिफ्टपाशी गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, शरमाना नहीं. हमारे यहाँ दो बाथरूम हैं, कभी भी आ जाओ." मी कुत्र्याकडे बोट दाखवलं, तर त्या त्याच्याकडेही दयेने बघायला लागल्या.

तुमची लाडकी,
उन्नती

ता. क. एकच अडचण आहे. आटोपल्यावर बोंबील वर यायला तयार नसतो, बारवीच्या रस्त्याकडे बघत बसतो. टमरेल बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे, असं त्याला वाटत असणार. तेव्हा कोंबड्या तुमच्या शेजारच्या कमळाबाईंकडे सोपवा आणि महिनाभर इथे राहायला या. येताना तुमचं टमरेल आणा. ते फक्त त्याला दाखवायचं, तुम्ही घरातला संडास वापरायचा.

आणखी एक ता. क. (आईचा) : भावोजी, कुत्रा आता टमरेलाशिवाय जातो आणि उड्या मारत वर येतो. परत पाठवायचं मी नुसतं बोलले, माझ्याच अंथरुणात झोपतो तो. रस्त्याकडे बघत बसते ती आपली पोरगी. या.
— सखूवहिनी